वकिलातीच्या खुर्चीचा चौथा पाय

परराष्ट्र खात्याच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, पण वजनकाटा होता. त्या खोलीत एकतीस वर्षं एक गृहस्थ थैल्यांची तोंडं बांधत बसले. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. हातात सदा लाखेची कांडी आणि बोटांना लाखेचे डाग, म्हणून सगळं खातं त्यांना लाखोटे म्हणायचं. नवे अधिकारी तर ते आडनावच समजून चिठ्ठीवर 'श्री. लाखोटे' लिहायचे, आणि लाखोटे ती चिठ्ठी निमूटपणे आवक वहीत चढवायचे.

काम सांगायला सोपं होतं. देशोदेशीच्या वकिलातींना जाणारं सरकारी टपाल कापडी थैलीत भरायचं, त्याची यादी करायची, थैली काट्यावर ठेवायची, सुतळीची गाठ मारायची आणि गाठीवर लाख ओतून मोहोर उठवायची. अशी थैली वाटेत कुणी उघडायची नाही, परमुलखातल्या कस्टमवाल्यानंसुद्धा नाही, असा जगभरचा कायदा आहे. पलीकडे वकिलातीत थैली उघडली, की यादीतली एकेक वस्तू पाहून पोचपावतीवर सही व्हायची आणि ती पावती परतीच्या थैलीतून यायची. यादीत नसलेला टाचणीचा डबाही थैलीत जाता कामा नये. लाखोट्यांच्या हातून तो कधी गेला नव्हता.

गाठ मात्र त्यांची स्वतःची होती. एक टोक ओढलं की अलगद सुटायची, दुसरं ओढलं की जन्मात सुटायची नाही. घरीही ते हीच गाठ मारत. साखरेची पुडी, जुन्या वह्या, बायकोची प्रवासाची पिशवी, काही सुटत नसे. "आमच्याकडे चहा प्यायचा असला तर साखरेसाठी आदल्या दिवशी अर्ज द्यावा लागतो," असं बायको शेजारणीला सांगायची. ती माहेरी निघाली की पिशवीत सामानाची यादी ठेवली जायची. एकदा परत आल्यावर एक रुमाल कमी भरला, तर लाखोट्यांनी मेव्हण्याला खुलासा मागणारं पत्र टाकलं. मेव्हण्यानं दोन रुमाल पाठवले. एक जास्त झाला म्हणून त्यांनी तो परत केला.

आता एका राजदूताकडे वळू. खात्याच्या भिंतीवरच्या नकाशात एक वकिलात अशी होती, की टाचणी टोचली की ती टाचणीच्या डोक्याखालीच झाकली जायची. तिथं माणसं दोन. एक राजदूत, आणि एक शिपाई, जो स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि माळीही होता. तिकडे महिन्यातून एकदा थैली जाई, तीही नऊ किलोच्या आतली. नऊ वर्षं तो राजदूत तिथंच होता, कारण त्याला परत बोलवायचं हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पोचपावतीला एक कपटा टाचून आला. वर लिहिलं होतं, 'थैली बांधणाऱ्या गृहस्थांस.' खाली एवढंच: 'आपली गाठ फार देखणी असते. सोडवताना जिवावर येतं.'

इतक्या वर्षांच्या नोकरीत लाखोट्यांच्या गाठीला कुणी बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी तो कपटा तीनदा वाचला, मग चौथ्यांदा वाचला आणि पाकिटात ठेवला. पुढच्या थैलीची गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणसाला फार उंच शिडी लागत नाही.

मग दर महिन्याला एक कपटा यायचा आणि एक जायचा. त्यातूनच खुर्चीचं प्रकरण कळलं. वकिलातीत खुर्ची एकच होती. कागदपत्रं हरवलेला खलाशी, नवऱ्यानं परदेशात टाकून दिलेली बाई, तुरुंगातल्या मुलासाठी धावत आलेला बाप, असली माणसं यायची. राजदूत त्यांना आपल्या खुर्चीत बसवायचा आणि स्वतः उभा राहायचा. 'पण मी उभा राहिलो,' त्यानं लिहिलं, 'की त्यांना वाटतं मी त्यांना निघा म्हणतोय. निम्मी गोष्ट सांगून उठतात. एक खुर्ची आणखी हवी.'

ही मागणी तो सहा वर्षं खात्याकडे करत होता. खात्यानं कळवलं, तिथंच घ्या, पण तीन दुकानांची दरपत्रकं जोडा. त्यानं कळवलं, गावात सुतार एकच आहे. खात्यानं कळवलं, मग तीन दरपत्रकं कशी जोडणार ते कळवा. असे सहा वर्षं कागदी घोडे नाचले, आणि ज्याच्यासाठी नाचले तो माणूस उभाच.

त्या महिन्यात लाखोट्यांनी आयुष्यातलं पहिलं पाप केलं. स्टोअरच्या मागे मोडीत काढलेल्या खुर्च्यांचा ढीग होता. त्यातली एक धडकी खुर्ची त्यांनी स्टोअरच्या सुताराकडून खोलून घेतली. पहिल्या महिन्यात पाठ गेली. दुसऱ्या महिन्यात बैठक. मग एकेक पाय, स्क्रूंसकट. यादीत लिहिलं, 'कार्यालयीन लाकडी साहित्य, भाग.' खोटं नव्हतं ते. पण ज्या माणसानं बायकोच्या रुमालाचा हिशेब तिच्या भावाकडे मागितला, त्याला आपण काय लिहितोय हे कळत होतं.

तीन पाय पोचले. चौथा बांधायचा त्या आठवड्यात परिपत्रक आलं, की तपासणी पथक कुठलीही थैली मोहोर फोडून बघेल. लाखोट्यांची पाचावर धारण बसली. पाय कपाटात गेला. पुढच्या महिन्यातही कपाटातच राहिला. तिसऱ्या महिन्यात तपासणी संपली होती, थैलीत जागाही होती, वजनही बसत होतं. पण निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, आणि भीती अशी, की एकदा घरात शिरली की भाडेकरूसारखी राहते. तिकडून कपटा आला: 'तीन पाय मिळाले. चौथ्याची घाई नाही. आपल्या सोयीनं.'

सोय काही झाली नाही. सातव्या महिन्यात नोटीस बोर्डावर काळ्या चौकटीतला कागद लागला. 'आपल्या कार्यालयात कर्तव्य बजावत असताना खुर्चीवरून कोसळून राजदूतांचं निधन झालं.'

लाखोट्यांनी तो कागद वाचला आणि जिन्याच्या पायरीवरच बसले. खुर्चीवरून कोसळून. तीन पायांच्या खुर्चीवरून माणूस कोसळणार नाही तर काय होणार. चौथा पाय वीस पावलांवर, त्यांच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. आपण एक माणूस मारला, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि त्यांच्या मनावर एकदा मोहोर बसली की ते उघडत नसे.

इकडे वर खात्यात एकच धांदल उडाली. जिवंतपणी ज्याला एक खुर्ची दिली नाही, त्याचं नाव संगमरवरात कोरायला सगळे पुढे. समारंभ पाहणारे एक साहेब होते. त्यांच्याकडे भावनांचंही वेळापत्रक असे, दोन मिनिटं स्तब्धता, चार मिनिटं आठवणी. पण आठवणी सांगणार कोण, हा प्रश्न पडला. राजदूताला खात्यात कुणी ओळखत नव्हतं. फोटो मिळाला तो सव्वीस वर्षांपूर्वीचा. नातेवाइकांत एक थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. शेवटी साहेब जिन्याखालच्या खोलीकडे उतरले. ते आयुष्यात पहिल्यांदाच तिथं आले होते, त्यामुळे आधी चुकून मीटरच्या खोलीत गेले.

"नऊ वर्षांच्या पोचपावत्यांवर त्यांची आणि तुमचीच सही आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे तुम्ही त्यांचे निकटचे."

"साहेब, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही."

"तेवढं बोलू नका. बाकीचं मी पाच ओळींत लिहून देतो. आणि एक फार भावपूर्ण गोष्ट जमवलीये. ज्या खुर्चीवरून ते कोसळले ना, ती खुर्चीच मागवली आहे. त्यांचा शिपाई सामानाबरोबर घेऊन येतोय. मंचावर ठेवायची, वर कापड, आणि सचिवांच्या हस्ते कापड दूर."

लाखोट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठली खुर्ची, साहेब?"

"आता तिथं काय खुर्च्यांचा बाजार भरलाय? असेल ती."

त्या संध्याकाळी लाखोटे तो पाय पिशवीत घालून घरी घेऊन आले आणि बायकोला सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत ऑफिसातली गोष्ट घरी सांगायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यांनी सुरुवात थैलीच्या नियमांपासून केली. बायकोनं भाजी निवडत ऐकून घेतलं.

"खुर्चीवरून पडून कुणी मरतं होय?" ती म्हणाली. "मी या घरात स्टुलावरून तीनदा पडले. तुमच्या लक्षात तरी आलं का?"

लाखोट्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

"पण पाय पाठवायला हवा होता तुम्ही," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तो माणूस घाई नाही म्हणाला, म्हणून काय झालं? घाई असणारी माणसं असंच म्हणतात."

हे लाखोट्यांना जे लागलं ते साहेबांच्या नोटिशीनंही लागलं नसतं. बायकोलाही ते दिसलं असावं, कारण मग तिनं सूर बदलला. "हे बघा, चार महिने राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच ओळी वाचा आणि खाली या." पाय तिनं ठेवून घेतला. दोन दिवस खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो खिडकीत अडकवलेला होता.

समारंभाच्या सकाळी तिनंच तो छत्रीच्या कव्हरात घालून त्यांच्या हातात दिला. "मूठ झाकून तुम्हाला झोप लागत नाही, आणि तुमच्या कुशी बदलण्यानं मला. लवकर जा आणि काय ते बघून घ्या." लाखोट्यांनी सवयीनं कव्हराच्या तोंडाला गाठ मारली आणि खिशात पेचकस टाकला. बेत साधा होता. लोक यायच्या आत खुर्चीला पाय बसवायचा. मेलेला माणूस परत येणार नव्हता, पण निदान सगळ्यांसमोर तीन पायांवर त्याची शोभा तरी होऊ नये.

सभागृहात फक्त खुर्च्या होत्या. मंचावर निळ्या कापडाखाली एक उंच आकार उभा होता. लाखोट्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पालथे झाले आणि डोकं कापडाखाली घातलं. आत अंधार. त्यांनी हातानं चाचपून पाय मोजले. चार भरले. पुन्हा मोजले. पुन्हा चार. यादी जुळत नाही म्हटल्यावर लाखोट्यांनी तिसऱ्यांदा मोजले नसते तर ते लाखोटे कसले?

"काय शोधताय?" पाठीमागून आवाज आला.

"पाय," लाखोटे कापडाखालून म्हणाले.

"कुणाचा?"

लाखोटे उलटे सरकत बाहेर आले. समोर इस्त्रीच्या कपड्यातला एक सावळा, उंच माणूस उभा होता. त्याची नजर लाखोट्यांच्या तोंडावर नव्हतीच. ती छत्रीच्या कव्हरावर होती.

"ही गाठ," तो हळूच म्हणाला. "तुम्ही थैलीवाले. मी वकिलातीतला शिपाई. साहेबांनी मला शिकवली होती सोडवायला. कापायची नाही म्हणायचे, त्या माणसानं मेहनत केलीये."

लाखोट्यांना पुढचं विचारायचा धीर होईना. शेवटी विचारलं. "खुर्ची हीच? ते... हिच्यावरून?"

"हीच. साहेबांची स्वतःची. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, म्हणून आपल्या खुर्चीत होते. चहा घेऊन गेलो तर मान खाली. मी हात लावला आणि कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, आधीच थांबलं होतं."

लाखोट्यांचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात पडला, की त्यांना हसूच आलं, आणि एका गेलेल्या माणसाच्या खुर्चीशेजारी आपण हसतोय हे कळताच शरमेनं कान तापले. शिपायानं वाकून कापडाची कड नीट केली.

"आणि ती... दुसरी?" लाखोट्यांनी विचारलं.

"ती तिकडेच आहे. आलेल्याला साहेब आपल्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः तुमच्या खुर्चीत बसायचे. चौथ्या कोपऱ्याखाली खात्याच्या नियमांची पुस्तकं लावलीत, तीन खंड. अगदी बरोबर उंची झाली. साहेब म्हणायचे, नियमांचा इतका भक्कम आधार जन्मात कधी मिळाला नव्हता. तरी डुगडुगायचीच. समोरचा माणूस स्वतःचं दुःख विसरून म्हणायचा, साहेब, सांभाळा, पडाल. मग साहेब सांगायचे, काळजी नको, पाय वाटेत आहे. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, दर महिन्याला एक पाठवतात. ते विसरणारे नाहीत."

लाखोटे कापडाकडे बघत उभे राहिले. मारल्याचा आरोप आत्ताच सुटला होता आणि हे त्याहून जड होतं. माणूस आपल्यावर रागावून गेला असता तर एक वेळ चाललं असतं. हा तर विश्वास ठेवून गेला.

दहा वाजता सभागृह भरलं. सचिव आले, बहीण आली. बारीक अंगाच्या, ताठ कण्याच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आणि वर्गाकडे बघावं तसं मंचाकडे बघू लागल्या. स्तब्धता ठरल्याप्रमाणे दोन मिनिटं झाली. कापड दूर झालं, चार पायांची खुर्ची दिसली, आणि समारंभाच्या साहेबांनी तिला 'कर्तव्याचं सिंहासन' म्हटलं. मग 'दिवंगतांचे निकटचे सहकारी' म्हणून लाखोट्यांना पुकारलं.

लाखोटे छत्रीचं कव्हर घेऊनच उभे राहिले. पहिली ओळ वाचली, "दिवंगत राजदूत हे कर्तव्यनिष्ठ आणि मितभाषी होते." दुसरी ओळ होती, 'त्यांनी खात्याकडे कधी काही मागितलं नाही.' तीही त्यांनी वाचली. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "त्यांनी एक खुर्ची मागितली होती. सहा वर्षं. मी ती थैलीतून तुकड्यातुकड्यानं पाठवली, नियम मोडून. यादीत भाग लिहिलं, खुर्ची नाही लिहिलं. तीन पाय पाठवले आणि घाबरलो." त्यांनी गाठीचं टोक ओढलं. गाठ अलगद सुटली आणि त्यांनी पाय बाहेर काढून व्यासपीठावर उभा केला. "हा चौथा. सात महिने माझ्याकडे पडलाय. ते सगळ्यांना सांगायचे, पाय वाटेत आहे. तो वाटेत नव्हता. माझ्या कपाटात होता."

समारंभाच्या साहेबांनी डोळे मिटले. सचिवांनी पायाकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या अडीचशे माणसांकडे पाहिलं. आणि मग पहिल्या रांगेतून हसू आलं. बहीण हसत होती, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तरीच," ती म्हणाली, आणि शिक्षिकेचा आवाज असल्यामुळे मागच्या रांगेपर्यंत पोचला. "मला लिहायचा, ताई, खात्याची प्रगती आहे, आता पाऊण खुर्ची झाली. मला वाटायचं, गंमत करतोय." मग तिनं डोळे पुसले आणि सचिवांकडे वळली. "पण मग तो पाय इथं काय करतोय? पाठवा ना."

आता एवढ्या लोकांदेखत सचिव काय म्हणणार? ते म्हणाले, "अर्थातच." आणि खात्याच्या इतिहासात दरपत्रकांशिवाय मंजूर झालेली ती पहिली वस्तू ठरली.

लाखोट्यांकडून लेखी खुलासा मात्र मागवला गेला. त्यांनी तो एका ओळीत दिला: 'आरोप मान्य, एका पायाचा उशीर सोडून दुसरा पश्चात्ताप नाही.' तो खुलासा वर गेला, शेऱ्यासाठी खाली आला, पुन्हा वर गेला, आणि तेवढ्यात चार महिने संपून लाखोटे निवृत्त झाले. फाईल अजून फिरत असेल. कागदी घोड्यांचा असा फायदा त्यांना आयुष्यात एकदाच झाला.

पण त्याआधी महिन्याची थैली गेली. शिपाई विमानानं परतला होता, पाय मात्र रीतसर थैलीतूनच गेला, कारण लाखोट्यांना तसंच हवं होतं. यादीत त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'खुर्चीचा पाय, एक.' गाठ मारली, लाख ओतली, मोहोर उठवली.

पोचपावती आली ती त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. सहीच्या जागी नव्या राजदूताची सही होती, ओळखीची नव्हती. खाली शिपायानं कपटा टाचला होता.

'पाय बसवला. खुर्ची हलत नाही. नियमांची पुस्तकं मोकळी झाली, नवे साहेब वाचायला घेऊन गेले. काल एक म्हातारे गृहस्थ आले, तर साहेबांनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः तुमच्या खुर्चीत बसायला गेले. मी सवयीनं म्हणालो, साहेब, जपून, पाय वाटेत आहे. मग आठवलं, पोचला.'

लाखोट्यांनी पावती फाईलला लावली. कपटा यादीत नव्हता, म्हणून तो त्यांनी घरी नेला.